फ्रीझरच्या जागी

विद्यापीठाचा कागद आला. त्यात सतरा वस्तू.
ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, पांढरा लॅबकोट,
लोखंडी टोपाचे बूट.
सहाव्या ओळीपर्यंत आई मान हलवत राहिली.
पाठीमागे फीचा आकडा होता.
तिनं कागद माझ्या हातून घेतला
आणि मासळीच्या टोपलीखाली सरकवला,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.

फिफीदादा कुमासीत तिसऱ्या वर्षाला.
फोनवर म्हणाला, अराबा, पुस्तकं आत्ता घेऊ नकोस.
डेरिव्हेटिव्ह तेवढे हाताखालून जाऊ देत,
आणि झोपून घे, पोटभर.
पुढं झोप उधारीवर मिळते,
व्याज फार.

म्हणून रोज वीस गणितं,
सेकोंडीच्या बंदरात, भिंतीला टेकून,
होड्या रिकाम्या होईपर्यंत.
एका गणितात नाव नदी ओलांडत होती.
वेग दिलेला, प्रवाह दिलेला, कोन काढा.
क्वांसाकाकाला वाचून दाखवलं.
तो जाळं शिवता शिवता म्हणाला,
आधी सांग, इंजिन कुणाचं आणि पेट्रोल किती?
ते दिलेलं नव्हतं.
मी कोन काढला. छत्तीस पूर्णांक नऊ.
काका म्हणाला, बरं.

सुताराकडून खाऊची पेटी आली,
ओल्या लाकडाच्या वासाची, कुलपासकट.
आईनं तळाशी गारी ओतली, मुठीनं चेपली,
वर शितोच्या तीन बरण्या,
सुक्या कोळंबीचा तो काळा ठेचा,
साखर, दुधाची पावडर, मेणबत्त्या.
झाकण लागेना. ती वर बसली.
"हे तुझ्या कुठल्या नियमात येतं?"
दाब, मी म्हटलं.
"एवढ्यासाठी कुमासीला कशाला जायचं मग?"
आणि कुलूप लागेपर्यंत
हसत बसून राहिली तिथंच.

शनिवारी मॅडम एसाबा आल्या,
फ्रीझर बघायला.
दार उघडलं, हुंगलं, रबर ओढून बघितलं,
मग वाकून मागं गेल्या.
"कुणी उघडलाय हा?
दोन स्क्रू वेगळे आहेत."
वेगळे होतेच. रेडिओचे होते.
दोन वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात
वीज नुसती ये-जा करत होती,
थर्मोस्टॅट जळाला, टोपलीभर मासा आत,
आणि मी सोळा वर्षांची, तोंडात टॉर्च धरून.
आई म्हणाली, "इंजिनिअरसाहेबांनी."
"कुठल्या?"
आईनं माझ्याकडं बघितलं नाही.
"आहेत ओळखीचे. हल्ली भेटत नाहीत,
फार कामात असतात."
मॅडमनी पैसे दोनदा मोजले.
एक नोट फाटकी होती, ती बदलून दिली.

चार जणांनी तो उचलून नेला.
खाली सिमेंटचा चौकोन, लख्ख, नव्यासारखा,
त्यावर एक वाळलेलं खवलं.
आता मासळी त्याच दिवशी विकायची,
नाहीतर धुरीवर टाकायची.
हे आईनं कुणाला सांगितलं नाही.
फक्त जास्तीचं सरपण घेतलं.

रात्री ती दचकून उठली.
"वीज गेली का?"
"नाही, आहे."
दिवा होताच डोक्यावर, पिवळा, चांगला जळणारा.
तरी ती बराच वेळ ऐकत राहिली.
मीही.
एवढी वर्षं त्या घरघरीवर झोपलो आम्ही
आणि तिला आवाज म्हणालोच नव्हतो कधी.
सकाळी पेटी ओढून त्या चौकोनात ठेवली.
बसली नाही नीट. एका बाजूला वीतभर उरलं.

निघायच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन.
फ्रीझर आवाज करतो, फार.
आईनं फोन कानापासून लांब धरला,
मला ऐकू यावं इतका,
आणि मी बोटानं खूण केली, तशी म्हणाली,
"पायाखाली लाकडाचा तुकडा घाला.
दार कमी उघडा.
साहेब नाताळात येतील,
तेव्हा बघतील."